मंगळवारी सकाळी या

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (माझ्या खोलीत खाट आणि टेबल मांडल्यावर आडवं पडण्याइतकी जमीन उरत नाही, म्हणून सध्या सहाच अंगांनी घातला आहे. उरलेली दोन भेटल्यावर.)

तुझं पत्र मिळालं. गुडघा बरा आहे, आणि त्याच्या जोडीने दुखणारा दुसराही आता गप्प बसला आहे, हे वाचून बरं वाटलं. मांजरीने पुन्हा कातरणांच्या टोपलीत पिल्लं घातली हे वाचून बाबांचा चेहरा डोळ्यांपुढे आला. मी इथे खुशाल आहे. वेळेवर जेवते, केसांना तेल लावते आणि लवकर झोपते. (यांतलं एक खरं आहे.) आता दर पत्रातली विनंती याही पत्रात करते. आत्या, कंसातला मजकूर मनातल्या मनात वाचायचा असतो. दुपारी बाबा मशीनवर बसलेले असतात आणि तू समोरच्या स्टुलावर बसून माझं पत्र मोठ्याने वाचतेस, इथवर ठीक आहे. पण कंस आला की आवाज बंद करावा. मागच्या वेळी मी कंसात लिहिलं होतं की बाबांना सांगू नकोस, मला ताप आला होता. ते तू इतकं खणखणीत वाचलंस की आठवड्याभरात मला अस्तर लावलेली तीन जाकिटं पार्सलने आली. भर उन्हाळ्यात.

तू लिहिलं आहेस की बाबांनी हेडमास्तरांच्या कोटाला एक बाही उलट्या अंगाने लावली, आणि तू दाखवून दिलंस तर म्हणाले, हल्ली कापडाला सुलटं अंगच नसतं. सुईत दोरा ओवायला आता रोज तुला हाक मारतात, पण त्याचं कारण म्हणे कंपन्या सुयांची भोकं बारीक करायला लागल्या आहेत. (हे तरी मनात वाच. भोकं होती तेवढीच आहेत. मला फार काळजी वाटते.) त्यावर मी येणारच आहे. पण त्याआधी इथे काय घडलं ते सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही, आणि शिवाय ते कोणाला सांगितल्याखेरीज मला घास गिळवत नाही.

मी विद्यापीठात नक्की काय करते असं तू नेहमी विचारतेस आणि मी नेहमी ‘कॉम्प्युटर’ एवढंच लिहून मोकळी होते. शेजारणीला तू ‘ती यंत्राला टायपिंग शिकवते’ असं सांगितल्याचं कानावर आलं. अगदीच चूक नाही. तर आमच्या विभागाचा कॉम्प्युटर तळमजल्यावर एका थंडगार खोलीत राहतो. चार गोदरेजची कपाटं एकमेकांना चिकटवून ठेवावीत एवढा त्याचा पसारा. त्याच्यावर युनिक्स नावाची व्यवस्था चालते. तिचा गुण असा, की वरच्या मजल्यांवर निरनिराळ्या खोल्यांत बसलेली माणसं एकाच वेळी त्याच्याशी बोलतात आणि प्रत्येकाला वाटतं, हा माझ्या एकट्याचाच आहे. (तुझ्या सासरी सगळ्या जावांना तुझ्याबद्दल असंच वाटायचं, असं बाबा म्हणतात.) या कॉम्प्युटरसाठी आमच्या प्राध्यापक बाईंनी एक सॉफ्टवेअर तयार केलं आहे. त्याचे दोन भाग. मागचा भाग म्हणजे कोठार: तक्ते आखून त्यांत माहिती भरायची आणि विचारली की नेमकी काढून द्यायची. हा भाग दाढीचा. (दाढी म्हणजे माझा सहकारी. त्याला खरं नाव आहे, ते पगाराच्या दिवशी ऐकू येतं. तो दिवसाला पाच-सहा शब्द बोलतो. हे लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.) पुढचा भाग म्हणजे माणसाशी बोलणारा पडदा, आणि तिथे मी राबते.

बाईंचं म्हणणं असं की प्रोग्राम लिहायला वर्ष जातं, आणि वर्षाने गिऱ्हाईक म्हणतं, अहो, मला हे नकोच होतं. म्हणून आधी नमुना करायचा. कागदावर गोल काढायचे आणि गोलांतून बाण. या गोलात नाव विचारायचं. उत्तर आलं की या बाणाने पुढे, भलतंच काही आलं की त्या बाणाने मागे. ही आकृती आमच्या सॉफ्टवेअरला भरवली की पडदा लगेच बोलायला लागतो. मागे काहीही नसतं! कोठार रिकामं, डोकं रिकामं, पण बोलणं गोड. (अशी माणसं आपल्या नात्यातही आहेत, नावं घेत नाही.) गिऱ्हाईक कुठे अडखळतं ते बघायचं, बाण बदलायचे, पुन्हा दाखवायचं, आणि सगळं जमलं की मग खरा प्रोग्राम. बाई हे परिषदांत पाऊण पाऊण तास समजावतात. मला पहिल्याच दिवशी कळलं, कारण मी शिंप्याची मुलगी. हा तर कच्चा टाका घालून ट्रायल देण्याचा प्रकार! एक बाही लागलेली, दुसरी टाचण्यांवर, अस्तराचा पत्ता नाही, गिऱ्हाईक आरशासमोर हात पसरून उभं आणि बाबा मागून विचारताहेत, “काखेत ओढतंय का?” हे मी सांगितल्यावर बाई इतक्या हसल्या की तेव्हापासून आमच्या विभागात नमुना तपासण्याला ‘काख बघणं’ म्हणतात. परवा एक पाहुणे प्राध्यापक आले होते, त्यांना दाढीने गंभीरपणे विचारलं, “काख बघणार?” ते चहा न घेताच गेले.

बाईंचे नियम दोन. वापरणाऱ्याने नमुना खराच आहे असं समजून वापरायचा. आणि आपण शेजारी बसून नुसतं बघायचं. बोलायचं नाही, मदत करायची नाही, भुवईसुद्धा हलवायची नाही. (दुसरा नियम आपल्या घराण्यात कोणालाही झेपला नसता.)

तर झालं असं की इथल्या डोळ्यांच्या इस्पितळाने बाईंना विचारलं, आम्हाला रुग्णांच्या तारखा द्यायला असं काही करून देता का. बाई हरखल्या. नुसतं आपल्यातल्या आपल्यात खेळायला नाही तर खऱ्या माणसांसाठी काहीतरी करायची संधी त्यांना पहिल्यांदाच मिळत होती, आणि हे जमलं नाही तर पुढच्या वर्षी आमची थंड खोली दुसऱ्या विभागाला जाणार हेही आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. इस्पितळाच्या नोंदणीच्या खिडकीवर एक ताई बसतात. त्यांना आम्ही खिडकीताई म्हणतो. त्यांच्यासमोर एक टर्मिनल, म्हणजे पडदा आणि खाली कळा, असं ठेवलं, टेलिफोनच्या तारेने ते आमच्या कॉम्प्युटरला जोडलं. दुसरं टर्मिनल मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत. खिडकीवरचा पडदा नाव विचारणार, वय विचारणार, तक्रार विचारणार आणि मग कोणता दिवस मोकळा आहे ते दाढीच्या कोठारातून शोधून सांगणार. आता कोठार अजून जोडायचं होतं. म्हणून शेवटच्या गोलात मी आपलं एक वाक्य घालून ठेवलं, जसं बटण नसेल तर बाबा खडूचा ठिपका देतात तसं: ‘ठीक आहे. मंगळवारी सकाळी या.’ कोणी काहीही सांगो, उत्तर हेच. डॉक्टरांच्या पडद्यावर ‘पुढचा रुग्ण’ ही कळ दाबली की एक नमुन्याची नोंद दिसणार होती. बाकीचे लोक अशा ठिकाणी अ, ब, क भरतात. पण त्याच दिवशी तुझं ते सुयांचं पत्र आलं होतं आणि माझं मन त्यातच होतं. मी लिहून टाकलं: ‘शिंपी. तक्रार: सुईत दोरा जात नाही. रुग्णाच्या मते दोष सुईचा.’ (बाबांना सांगू नकोस.)

पहिल्या दिवशी मी खिडकीताईंच्या शेजारी बसून नुसतं बघितलं. बाई त्यांना म्हणाल्या, “हे खरंच आहे असं समजून वापरा.” आत्या, आजवर आमचं कोणी ऐकलेलं नाही. नमुना वापरणारे नेहमी कुरकुरतात, मध्येच उठून जातात, आणि आपलं जुनं काम जुन्या पद्धतीने शेजारी चालूच ठेवतात. खिडकीताई मात्र सांगितलेलं ऐकणाऱ्या निघाल्या. मी त्या दिवशी घरी गेल्यावर त्यांनी आपलं जुनं जाडजूड रजिस्टर सुतळीने बांधलं आणि कपाटात घालून कुलूप लावलं. मला हे कसं कळणार? दुसऱ्या दिवसापासून मी टेपांच्या कामावर होते. (आमचं सॉफ्टवेअर दुसरी विद्यापीठंही मागतात. ते आम्ही टेपच्या मोठाल्या रिळांवर उतरवून खोक्यांत भरून पाठवतो. खोक्यात पोकळी राहू नये म्हणून चिंध्या लागतात. तू पाठवलेली कातरणं अशा रीतीने कुठल्या कुठे पोचली आहेत.)

खिडकीताईंना एकदा शंका आली होती, हे सांगायलाच हवं. त्यांनी विभागात फोन करून विचारलं, सगळ्यांना मंगळवारच येतोय, हे बरोबर आहे ना? फोन घेतला दाढीने. “सध्या मंगळवारच आहे,” असं म्हणून त्याने फोन ठेवला. त्या दिवसाचा निम्मा साठा खर्च झाला होता, आणखी काय बोलणार? खिडकीताईंचं समाधान झालं. मंगळवारी मोठे डॉक्टर बसतात, आणि यंत्र विद्यापीठातून आलेलं, तेव्हा विचार करूनच सांगत असणार. आपण नसत्या शंका कशाला काढा!

मंगळवारी सकाळी बाई, दाढी आणि मी काय काय निरीक्षणं हाती लागली ते बघायला ऐटीत इस्पितळात गेलो. फाटकापासूनच रांग. माझ्या मनात आलं, कोणी मोठं माणूस आलंय वाटतं. दाढी थबकला, त्याने एकदा रांगेकडे बघितलं, एकदा आकाशाकडे, आणि एकच शब्द बोलला: “मंगळवार.” मग मला शेवटच्या गोलातलं माझं वाक्य आठवलं. जिन्यावर माणसं, जिन्याखाली माणसं, बाकांवर दाटीवाटीने माणसं, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांच्या डोळ्यांत परिचारिकांनी आधीच थेंब घालून ठेवलेले. त्या थेंबांनी बराच वेळ सगळं धूसर दिसतं. म्हणजे इतकी माणसं आणि कोणालाच कोणी धड दिसत नाही! एक आजोबा माझ्या हाताला धरून मला सूनबाई म्हणत आपल्या गुडघ्याचं सांगत बसले. दाढीने एकाला हाताला धरून डॉक्टरांच्या दाराशी नेलं तर तो औषधं विकणारा फिरता विक्रेता निघाला. तो आनंदाने आत गेला. बोळातला दिवा दुरुस्त करायला वायरमन आला होता. तो बाकावर जरा टेकला, आणि बाकावर टेकलेल्या सगळ्यांना जे मिळत होतं ते त्यालाही मिळालं. मग दिवाही दिसेना आणि शिडीही दिसेना. (तो दिवा अजून बंद आहे.)

डॉक्टरांच्या खोलीत वेगळाच घोळ. मोठे डॉक्टर वयाने बरेच, स्वभावाने शांत, आणि यंत्राला मान देणारे. ते प्रत्येक वेळी कळ दाबायचे, नोंद वाचायचे आणि आलेल्या माणसाला विचारायचे, “तुम्ही शिंपी?” पहिला बसचालक होता. दुसऱ्या बाई शाळेत भूगोल शिकवायच्या. पुढे एक निवृत्त पोस्टमन आले, ते म्हणाले, नाही हो, पण अगदी अडलं असेल तर बटण लावून देईन. डॉक्टरांना वाटायला लागलं, आपल्याला भलताच माणूस पाठवताहेत आणि तो बिचारा शिंपी बाहेर ताटकळत बसला आहे. ते दोनदा दारापर्यंत आले आणि “शिंपी! कोणी शिंपी आहे का?” असं त्यांनी विचारलं. आत्या, मी तिथेच एका आजींचा हात धरून उभी होते. सगळी माणसं हसत होती आणि मला मात्र रडू फुटायच्या बेतात होतं. का, ते तुला सांगायला नको.

थोड्या वेळाने इस्पितळाचे मुख्य अधिकारी आले. त्यांनी सगळ्यांसमोर खिडकीताईंना असं काही फैलावर घेतलं की ऐकवेना. खिडकीताईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. (त्या गर्दीत ते थेंबांचं असेल असंच सगळ्यांना वाटलं असणार.) तेव्हा आमच्या बाई मध्ये पडल्या. परिषदांत पाऊण तास बोलणाऱ्या बाई तिथे दोन वाक्यं बोलल्या. “खरं समजा असं यांना मी सांगितलं, आणि यांनी सांगितलेलं ऐकलं. चूक आमची आहे.” मग त्यांनी पदर खोचला, कपाट उघडायला लावलं, सुतळी सोडली, आणि ज्यांना थांबणं शक्य नव्हतं त्यांना रजिस्टरवर पुढच्या खऱ्या तारखा द्यायला बसल्या. आम्ही लोकांना हाताला धरून आणत नेत राहिलो. दाढी त्या दिवशी जेवढं बोलला तेवढं वर्षभरात बोलला नसेल; “पायरी आहे, जपून” हे त्याने इतक्यांदा म्हटलं की संध्याकाळी विभागाचा जिना चढतानाही म्हणत होता. सगळं आवरल्यावर खिडकीताई आमच्यासमोर येऊन बसल्या. आता आपली हजेरी घेणार असं वाटलं. पण त्या म्हणाल्या, बाई, मागे जायची कळ उजवीकडे हवी, वय आधी विचारलं तर बायका चिडतात, आणि एका दिवसात किती माणसं बसतात ते यंत्राला सांगून ठेवा. तिन्ही गोष्टी अचूक होत्या. मुख्य अधिकाऱ्यांनी आणखी एक संधी द्यायचं कबूल केलं आहे, या अटीवर की रजिस्टर कपाटाबाहेर राहील आणि फोन दाढी घेणार नाही.

आता मुद्द्यावर येते. आम्ही निघणार तेवढ्यात मोठ्या डॉक्टरांनी मला आत बोलावलं. पडद्यावर ती नोंद अजून तशीच होती. ते म्हणाले, “आज सगळे तपासून झाले. हा एकच राहिला. कोण आहे हा?” मी आधी म्हटलं, नमुना आहे. मग म्हटलं, वडील आहेत. त्यांनी सगळं विचारून घेतलं: दोरा, उलटी बाही, दिव्याभोवती कडं दिसतं म्हणून बाबा संध्याकाळी बाहेर पडत नाहीत ते. ते म्हणाले, बघितल्याशिवाय खात्रीने सांगणार नाही, पण मोतीबिंदू असावा. असेल तर काढता येतो. जाड भिंगाचा चष्मा लागेल, पण सुईत दोरा जाईल. मात्र फार पिकू दिला तर अवघड. मी म्हटलं, ते येणार नाहीत, ते म्हणतात मला कशाची भीती नाही. डॉक्टर म्हणाले, “म्हणजे फार वाटते.” आणि मग म्हणाले, “दोष सुईचा आहे असं माझंही वर्षभर म्हणणं होतं. माझं काम तर डोळ्यांतच सुई घालायचं.” त्यांच्या चष्म्याची भिंगं किती जाड आहेत, हे तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

आत्या, बाबांना भीती कशाची ते मला माहीत आहे. शस्त्रक्रियेची नाही. ती बिघडली तर मग सुया, कापड, दिवे, कशावरच दोष ढकलता येणार नाही, याची. आज निदान थोडं थोडं शिवता येतंय, तेही जाईल, याची. पाठवलेल्या जाकिटांतल्या निळ्याची शिलाई खांद्यापाशी वाकडी गेली आहे. ज्यांच्या कपड्याची आतली बाजूसुद्धा लोकांनी उलटून बघावी, त्या माणसाची शिलाई. मी ते जाकीट उन्हाळ्यातही घालते, थंड खोलीचं निमित्त करून, आणि कोणाला खांदा बघू देत नाही. आई गेल्यावर तुम्ही दोघांनी मला त्या मशीनच्या आवाजात वाढवलंत. तो आवाज बंद पडेल या विचाराने मला झोप लागत नाही. आता तू सांग, मी काय करू?

वेळ बरीच झाली, कागदही संपत आला. मांजरीच्या पिल्लांना माझे आशीर्वाद, आणि तू गुडघ्यावर बसून फरशी पुसू नकोस.

तुझी,
चिंधी

ता. क. बाबांना मी वेगळं, मुद्देसूद, आवरून सावरून पत्र लिहिणार आहे. हा त्याचा नमुना समज. नेहमीसारखं दुपारी मोठ्याने वाच आणि बाईंच्या नियमाप्रमाणे नुसतं बघ: मशीन कुठे थांबतं, खाकरणं कुठे येतं, सुयांचा विषय निघाल्यावर काय होतं. मध्ये बोलू नकोस, ‘पोरगी बरोबर म्हणतेय’ असं म्हणू नकोस, डोळ्याला पदर लावू नकोस. जिथे ओढेल तिथे खडूने खूण करून पत्र परत पाठव. मी उसवून पुन्हा शिवीन.

ता. ता. क. हे पत्र दाढीने वाचलं. त्याने विचारलं, “ऐकणार कोण?” मी म्हटलं, बाबा. तो म्हणाला, “मग नमुना कसला?” त्याच्या दिवसभराच्या शब्दांचं चीज झालं.

ता. ता. ता. क. बाबा, मशीन थांबलं असेल तर थांबू द्या. आत्याने आजवर एकही कंस मनात वाचलेला नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. कंसातलं सगळं तुमच्यासाठीच असतं. डॉक्टरांनी खिडकीताईंना सांगून पुढच्या महिन्याच्या पहिल्या मंगळवारी तुमचं नाव घातलं आहे, यंत्रात नाही, त्या सुतळीच्या रजिस्टरमध्ये, शाईने. यंत्रातला मंगळवार खोटा होता. हा खरा आहे. मी स्टेशनवर घ्यायला येते, हेडमास्तरांना कोटासाठी थांबायला सांगा, आणि सकाळपासून रात्रीपर्यंत मी तुमच्याजवळ असेन. आता टाचण्या तोंडातून काढा आणि खरं सांगा. बाबा, काखेत कुठे ओढतंय का?